माफ केलेला माणूस

बोरामणी मागं पडल्यावर रामहरीनं चन्नवीरला माफ केलं.

तसं करताना त्यानं आवाज चढवला नाही की उतरवला नाही. खिडकीतून येणाऱ्या झळांनी डोळे बारीक करून तो बाहेरचा उघडा माळ बघत होता, आणि बघता बघताच त्यानं आपला हात चन्नवीरच्या गुडघ्यावर ठेवला. "चन्ना, एक बोलून टाकतो, म्हंजे दिवसभर मनात राहायला नको," तो म्हणाला. "नातेपुत्याचं मी कवाच सोडून दिलंय. आत असतानाच दिलं. तुला माफ केलं बघ मी." चन्नवीरला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही, गाडीचा आवाज, वारा. तो म्हणाला, "नातेपुत्याचं काय?" रामहरी हसला. दाढ पडल्यापासून त्याचं हसणं एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं. गुडघ्यावर दोनदा थोपटून तो म्हणाला, "जाऊ दे की. आज फिरायला आलोय आपण."

गाडी हिंदुरावची होती आणि तोच ती चालवत होता. रस्त्यांची कंत्राटं घेता घेता त्याच्याकडे ही अँबॅसडर आली होती, आणि तो ती बैलगाडी हाकावी तशी चुचकारत हाकायचा. त्याच्या शेजारी सिद्धलिंगप्पा, कॉलेजात भूगोल शिकवणारा, मांडीवर वर्तमानपत्राची घडी घेऊन बसला होता. सहल त्याच्याच डोक्यातून निघालेली. नळदुर्गच्या अलीकडे एका शेतात जमीन फाटून लालभडक रस वाहिला, अशी बातमी चार दिवसांपूर्वी आली होती. वर मथळा होता 'ज्वालामुखी' आणि पुढं प्रश्नचिन्ह. ते बघायचं, मग नळदुर्गचा किल्ला, मग तुळजापूर, आणि दिवस मावळेपर्यंत सोलापूर. कॉलेज सुटल्यापासून दर उन्हाळ्यात एका रविवारी हे चौघं असे कुठंतरी जायचे. गेला उन्हाळा तेवढा चुकला. रामहरी आणीबाणीत तुरुंगात होता आणि उरलेल्या तिघांनी जायचं म्हटलं तेव्हा चन्नवीरनंच मोडता घातला होता. तो आत असताना आपण दशम्या बांधून कुठं फिरायचं, असं तो म्हणाला होता. आता मार्चात रामहरी सुटून आला होता, मे चालू होता, आणि पुढच्या सीटवरच्या दोन मानांकडे बघत चन्नवीर थांबला होता. कुणीतरी हसेल म्हणून थांबला होता. हिंदुराव म्हणेल, काय बे रामा, तुरुंगातनं डोकं बिघडवून आलास का. सिद्धलिंगप्पा मागं वळून विचारेल, कसली माफी? हिंदुरावनं गरज नसताना गिअर बदलला. सिद्धलिंगप्पानं वर्तमानपत्राची घडी उलगडली, तीच बातमी पुन्हा वाचायला घेतली. त्या दोन मानांना हे नवीन नव्हतं. आणि त्यांच्याकडून यायचं ते हसू येईल म्हणून तो जेवढा वेळ थांबला, तेवढ्यात त्याची स्वतःची बोलायची वेळ निघून गेली. तांदुळवाडीचा थांबा आला, गेला. आता काही बोलणं म्हणजे विचार करून बोलल्यासारखं झालं असतं.

नातेपुत्याचं खरं एवढंच होतं. रामहरी गिरणी कामगारांचे खटले लढवायचा. आणीबाणी लागल्यावर त्याच्या नावानं पत्रकं निघाली, वॉरंट निघालं, आणि तो एका सकाळी चन्नवीरच्या दुकानाच्या मागच्या दारानं आत आला. चन्नवीरचं चादरींचं दुकान. माल बाहेरगावी टेम्पोनं जायचा. त्यानं रामहरीला चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून नातेपुत्याला नेलं. तिथला एक दुकानदार त्याचा जुना गिऱ्हाईक होता. त्याच्या दुकानाच्या माडीवर एक खोली होती. हे आमचे हिशेब बघणारे कुलकर्णी, हवापालटाला आलेत, असं सांगून चन्नवीरनं रामहरीला तिथं ठेवलं. वच्छलाला, म्हणजे रामहरीच्या बायकोलासुद्धा गावाचं नाव सांगितलं नाही. दोन आठवडेही गेले नसतील, पोलीस आले आणि कुणाला काही न विचारता सरळ जिना चढून वर गेले. कुणी सांगितलं, ते चन्नवीरला कधीच कळलं नाही. त्याचा संशय टेम्पोच्या ड्रायव्हरवर होता. तो ड्रायव्हर त्याच साली बार्शी रस्त्यावर गाडी उलटून गेला, आणि मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं चन्नवीरच्या जिवावर आलं. दुकानदाराला खरं नाव माहीत नव्हतं. ड्रायव्हरनं रामहरीला चढताना पाहिलं होतं की नाही, तेही चन्नवीर शपथेवर सांगू शकत नव्हता. मग उरलं कोण? तुरुंगात सकाळ-संध्याकाळ हाच हिशेब करायला रामहरीला दुसरं काम तरी काय होतं. वकील माणूस. त्याच्या जागी आपण असतो तर आपलंही बोट तिथंच येऊन थांबलं असतं, असं चन्नवीरला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःचीच चीड आली. माफ करणाऱ्याची बाजू आपणच का मांडतोय?

इटकळच्या पुढं डाव्या हाताला गाड्या उभ्या दिसल्या. दोन जीप, बैलगाड्या, सायकली, आणि एका चिंचेखाली भज्यांची कढई. माळ तुडवत ते चौघं गर्दीत शिरले. मधोमध विजेचा खांब होता आणि त्याच्या बुडाशी घमेल्याएवढा खड्डा. खड्ड्यातून काचेसारखा काळा ओघळ बाहेर आलेला, हातभर वाहून थिजलेला, त्यावर हळद, कुंकू, फुटलेले नारळ आणि करपलेल्या उदबत्त्या. धूर नव्हता. ऊब नव्हती. शेताची मालकीण निंगव्वा, वाळकी आणि उंच बाई, हातात काठी घेऊन कुणाला ओघळ तोडून नेऊ देत नव्हती. "काल वायरमन आलते," ती सगळ्यांना एकाच सुरात सांगत होती. "वाऱ्यानं तार तुटून खांबाला चिकटली हुती म्हणं. करंट जमिनीत शिरला, मातीचं पाणी झालं. बंद करून गेले. आता देव न्हाय म्हणत्यात." कुणीतरी विचारलं, मग नारळ का घेतेस? निंगव्वा म्हणाली, "लोक आणत्यात. मी काय परत दिऊ?" सिद्धलिंगप्पाचा चेहरा पडला. एवढ्या लांब येऊन विजेची तार बघायची. तो उगाच वाकून काळ्या काचेवर बोट फिरवत राहिला आणि जमलेल्यांना सांगू लागला की हा सगळा मुलूखच केव्हातरी असा रस वाहून झालेला आहे, ही काळी जमीन, हे खडक, सोलापूर, सगळं. कुणी ऐकत नव्हतं. हिंदुराव भज्यांकडे गेला होता. रामहरी निंगव्वाशी बोलत होता. भरपाईचा अर्ज कर, मी लिहून देतो, असं काहीतरी, आणि बाई त्याच्याकडे ज्या विश्वासानं बघत होती ते चन्नवीरनं पाहिलं. रामहरीकडे लोक असेच बघायचे. चन्नवीरही तीस वर्षं असाच बघत आला होता. मोडनिंबहून शिकायला आलेलं हे पोरगं दर गुरुवारी चन्नवीरच्या घरी जेवायला असायचं. चन्नवीरची आई गुरम्मा कानडीशिवाय बोलायची नाही; "ऊटा आतेनु?" असं तिनं विचारलं की रामहरी जेवून आलेला असला तरी मान हलवून नाही म्हणायचा आणि पुन्हा पाटावर बसायचा. तिच्या शेवटच्या दुखण्यात तोच पायाशी बसून होता. असा माणूस दीड वर्षाच्या वर एका कोठडीत पडून चन्नवीरचं तोंड डोळ्यांपुढं आणत होता, आणि त्या तोंडावर काय लिहीत होता?

सिद्धलिंगप्पा रुमालानं बोटं पुसत गर्दीतून बाहेर आला, तेव्हा चन्नवीर त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "सिद्धू, तुम्हाला माहीत होतं हे?"

"काय?"

"रामा गाडीत बोलला ते."

सिद्धलिंगप्पानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आम्ही त्यावर कधी बोललो नाही चन्ना. खरंच नाही. हिंदुरावनं तुला त्या दिवशी ठाण्यातनं बाहेर येताना बघितलं होतं, फौजदाराचा हात तुझ्या खांद्यावर होता म्हणाला, तेवढंच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रामाला धरलं." मग तो एकदम मायेनं म्हणाला, "अरे, माणूस आहे. दुकान आहे, लेकरं आहेत. ते दिवसच तसले होते. मला बसवलं असतं ना तिथं, मी पण सांगितलं असतं. मी तर दुपारपर्यंतसुद्धा टिकलो नसतो."

"मी न्हाय सांगितलं," चन्नवीर म्हणाला.

"बरं," सिद्धलिंगप्पा म्हणाला, आणि त्यानं चन्नवीरच्या पाठीवर हात ठेवला.

तो हात पाठीवर गाडीत बसेपर्यंत होता. नळदुर्गचा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, मधेच एखादं लिंबाचं झाड, आणि चन्नवीर मनानं त्या बाकावर जाऊन बसला होता. पोलीस ठाण्याचा लाकडी बाक, भिंतीला टेकवलेला. सकाळी त्याला बोलावून नेलं आणि संध्याकाळपर्यंत तिथं बसवून ठेवलं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पाणी मागितलं तर दिलं. एवढ्या वेळात त्यानं मनात सगळं पाठ करून ठेवलं होतं. रामहरी कुठाय विचारलं की म्हणायचं, अक्कलकोटला गेल्याचं ऐकलं. अजून विचारलं की म्हणायचं, मला माहीत नाही. मारलं तर मुकाट राहायचं. मांड्या थरथरत होत्या, गुडघ्यांवर हात दाबून तो ती थरथर लपवत होता. संध्याकाळी फौजदारानं आत बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुमच्याकडं त्या निळ्या काठाच्या चादरी कशा दिल्या हो?" बाकी काही नाही. मग दारापर्यंत सोडायला आला, खांद्यावर हात ठेवून. त्या दिवसाबद्दल चन्नवीरनं गिरिजेला, आपल्या बायकोलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. सगळं आयुष्य चादरीची घडी घालण्यात आणि मोडण्यात गेलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला तो एकच दिवस होता. तो त्यानं रामहरीसाठी राखून ठेवला होता. रामहरी सुटून येईल, कधीतरी दोघंच असतील, आणि मग सांगायचं, रामा, एक दिवस मी पण बसलो होतो, आणि तोंड उघडलं नाही. सुटून आल्यावर भेटायला माणसांची रीघ, हार, सभा. सांगायला निवांतपणा मिळाला नाही. आज किल्ल्यावर सांगायचं त्याच्या मनात होतं. आता तो दिवस त्यानं बाहेर काढला तर त्याचा अर्थ काय होणार, ते हिंदुरावच्या मानेकडे बघून त्याला समजत होतं. आणि त्याहून खोल, बाकाच्याही खाली, दुसरंच काहीतरी हलत होतं. फौजदारानं विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर?

किल्ल्यात लिंबाच्या सावलीत त्यांनी डबा सोडला. गिरिजेनं कडक भाकरी, शेंगांची चटणी, भरली वांगी आणि दही दिलं होतं. रामहरी भाकरीचा तुकडा मोडून म्हणाला, "वहिनींच्या हातची चटणी म्हंजे चटणीच. आत असताना एकदा सपनात खाल्ली मी." हिंदुराव हसला. चन्नवीरनं त्याला आणखी चटणी वाढली. हात सवयीनं पुढं गेला. आणि वाढता वाढता त्याला वच्छला आठवली. रामहरी आत होता तेव्हा चन्नवीर दर आठवड्याला तिच्याकडे जायचा. ज्वारीचं पोतं, पोराच्या शाळेचं दप्तर, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन. वच्छला दारातच उभी राहून घ्यायची. कधी आत या म्हणाली नाही. एकटी बाई, वाड्यात शेजार, लोक बोलतात, असं चन्नवीरनं मनाला समजावलं होतं आणि तिच्या जपून वागण्याचं कौतुकही केलं होतं. एकदा पोतं उतरवून घेताना ती म्हणाली होती, "तुमी लई करताय भावजी. करावंच लागतंय म्हणा." तेव्हा त्याला ते मैत्रीबद्दलचं बोलणं वाटलं होतं, घरी येताना स्कूटरवर तो ते वाक्य मनात घोळवत आला होता. आणि बजाबाई, रामहरीची म्हातारी आई, दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली. चन्नवीर तिचा हात धरून बसला होता आणि ती पुटपुटत होती, देव तुला पोटात घालंल बाबा, देव तुला पोटात घालंल. भुलीच्या औषधानं बरळतेय, असं त्याला वाटलं होतं. ती शुद्धीत होती. घरात सगळेच शुद्धीत होते. तो एकटाच ज्वारीची पोती वाहत होता, आणि प्रत्येक पोतं दारात उतरताना गुन्ह्याची कबुली होऊन उतरत होतं. तुरुंगातून हिंदुरावला कार्डं आली, सिद्धलिंगप्पाला आली. आपल्याला येत नाहीत, कारण आपल्यावर पोलिसांची नजर आहे आणि रामा आपल्याला जपतोय, असं चन्नवीर गिरिजेला सांगायचा. गिरिजा काही बोलायची नाही. तिलाही माहीत असेल का? वांग्याचा घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. तो थुंकून टाकावा असं वाटलं, पण त्यानं गिळला.

जेवण झाल्यावर ते बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात गेले. बोरी नदी आटलेली होती. पावसाळ्यात ज्या सांडव्यांतून नर आणि मादी म्हणून दोन धबधबे कोसळतात ते दोन्ही कोरडे, शेवाळ वाळून काळं पडलेलं. आत मात्र गार होतं. हिंदुराव खिडकीच्या कट्ट्यावर आडवा झाला आणि म्हणाला, मी आता हितनं हलत न्हाय. सिद्धलिंगप्पानंही चप्पल काढून भिंतीला पाठ टेकली. रामहरीला मात्र उपळी बुरुज चढायचा होता. किल्ल्यातला सगळ्यात उंच बुरुज, एकटा उभा, बाहेरून पायऱ्या. "माझे गुडघे गेलेत," तो म्हणाला. "चन्ना, तू चल बरोबर. तुझ्या खांद्याचा आधार लागंल." चन्नवीर उठला. ऊन डोक्यावर होतं, दगड पोळत होते. प्रत्येक पायरीला रामहरीचा हात त्याच्या खांद्यावर दाबायचा आणि सैल व्हायचा. पूर्वी हाच माणूस गड चढताना सगळ्यात पुढं असायचा आणि वरून खाली खडे मारायचा. आता त्याच्या छातीतून घरघर ऐकू येत होती. चन्नवीरला त्या घरघरीची दया आली, आणि आपल्याला दया येते आहे याचा रागही आला. हे गुडघे माझ्या नावावर मांडलेत यानं. प्रत्येक पायरी चढताना हा मला माफ करतोय.

वर वारा होता. दोन लांबलचक तोफा उन्हात तापत पडल्या होत्या आणि चहूकडे फिकट, तपकिरी मुलूख पसरला होता. रामहरी तटाला टेकून दम खात राहिला. मग म्हणाला, "सकाळपासनं तू काय बोलला न्हाईस."

"काय बोलायचं?"

"काय बी. मी एवढं बोललो तुला."

"तू माफ केलंस म्हणालास. माफ केलेल्या माणसानं काय बोलायचं असतंय?"

रामहरीनं खाली बघितलं. त्याचं टक्कल घामानं चमकत होतं. "बरं, आता इचारतो," तो म्हणाला. "तोंडावर इचारतो. तू सांगितलंस का न्हाय?"

विचारायला हवं होतं ते याच शब्दांत, पण दोन वर्षांपूर्वी. किंवा मार्चात, स्टेशनवर, गळ्यात हार असताना. किंवा कधीच नाही. चन्नवीरच्या तोंडात नाही हा शब्द तयार होता, सिद्धलिंगप्पाला दिला होता तसाच, आणि त्यावर येणारं उत्तरही त्याला ऐकू येत होतं. पाठीवर ठेवला जाणारा हात जाणवत होता. तीस वर्षं ज्याच्यासमोर पान वाढलं त्याला आपण नाही म्हणून पटवत बसायचं; पुरावा काय द्यायचा? बाक द्यायचा? निळ्या काठाच्या चादरी द्यायच्या? आणि विचारलं असतं तर सांगितलंच नसतं, हे तरी कुणाच्या भरवशावर बोलायचं, त्या थरथरणाऱ्या मांड्यांच्या? त्याला एकाएकी सगळ्याचा वीट आला. माफीचा, समजूतदारपणाचा, भावजी लई करतायचा. ह्यांनी सगळ्यांनी मिळून एक माणूस तयार केला होता आणि त्याला मोठ्या मनानं सांभाळलं होतं. मग तोच घ्या.

"व्हय," तो म्हणाला. "मीच सांगितलं."

त्याला वाटलं होतं, रामहरी मान हलवेल, पुन्हा एकदा खांद्यावर हात ठेवेल. रामहरीनं काहीच केलं नाही. त्याचा चेहरा आधी नुसता रिकामा झाला. मग तोंडाची ती ओढलेली बाजू हलली आणि तो हळूहळू, गुडघ्यांना जपत, तोफेच्या कडेला खाली बसला. 

"मला वाटलं हुतं, तू माझ्या मुस्काटात मारशील," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "गाडीत बोललो ते त्यासाठीच बोललो. वच्छलाला सांगून आलोय मी. म्हटलं, आज त्याला डिवचतो. माफ केलं म्हणतो. चन्ना असा उसळंल, असल्या शिव्या घालंल कानडीतनं, की माझं मन धुऊन निघंल. आत असताना कधी वाटायचं तूच, कधी वाटायचं छट, चन्ना कसा असंल. माझा मला निकाल लागंना. तू गप्प बसलास. मी म्हटलं, लागलंय त्याला, ज्वालामुखीपाशी बोलंल. मग जेवताना बोलंल. तू मला चटणी वाढलीस."

चन्नवीर त्याच्यासमोर उकिडवा बसला. "रामा," तो म्हणाला, "मी रागानं बोललो. मी सांगितलेलं न्हाय. मला विचारलं पण न्हाय त्यांनी. नुसतं बसवून ठेवलं, चहा दिला, चादरींचा भाव विचारला." बोलताना त्याचं त्यालाच ते किती खोटं वाटतंय हे ऐकू येत होतं. जपून ठेवलेला तो सगळा दिवस चार वाक्यांत संपला.

रामहरीनं मान वर केली. उन्हामुळं त्याचे डोळे मिटल्यासारखे झाले होते. समोरच्याला तोलून बघायची ती नजर चन्नवीरनं कोर्टात पाहिली होती. स्वतःवर कधी आली नव्हती. "जबानी फिरवणारे साक्षीदार मी लई बघितलेत," रामहरी म्हणाला. "त्यातलं एखादं खरं बी बोलत असतंय. पण कुटल्या वेळचं खरं, ते मग कुणालाच कळत न्हाय." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो उठला, चन्नवीरनं पुढं केलेला हात त्यानं पाहिला नाही किंवा पाहून घेतला नाही, आणि भिंतीला धरून एकेक पायरी आडव्या पावलानं उतरू लागला. मधे एका पायरीवर तो बसला. चन्नवीर चार पायऱ्या वर उभा राहिला. रामहरी उठला, उतरू लागला, तसा तोही उतरू लागला.

तुळजापूरला ते चौघंही देवीला जाऊन आले. रविवारची गर्दी होती. रांगेत पुढं हिंदुराव, मग रामहरी, मग सिद्धलिंगप्पा आणि शेवटी चन्नवीर. पुजाऱ्यानं सगळ्यांच्या कपाळाला एकाच बोटानं कुंकू लावलं. परतताना रामहरी म्हणाला, पाय लांब करायला लागतात, मी पुढं बसतो. सिद्धलिंगप्पा मागं आला. मधे रिकामा डबा खडखडत होता, म्हणून चन्नवीरनं तो मांडीवर घेतला. घाट उतरल्यावर ऊन उजव्या काचेतून आत आलं. रामहरी हिंदुरावशी नव्या सरकारबद्दल बोलत होता; पूर्वीसारखंच, हातवारे करत, मधेच हसत. आतमध्ये त्याच्या काय चाललंय, हे त्याच्या मानेवरून ओळखायचा चन्नवीर प्रयत्न करत होता, आणि सकाळी ज्या मानांकडे बघून त्याला सगळं कळलं होतं तशी ही मान नव्हती. रात्री वच्छला विचारेल, काय झालं. हा काय सांगेल? काही सांगणार नाही, आणि ती काय ते समजून जाईल. उद्या आपण दुकान उघडू. गुरुवारी बजाबाईंची औषधं न्यायची आहेत. नेली तर ती कशाबद्दल, आणि नाही नेली तर ती तरी कशाबद्दल? आपण ती नेऊ, एवढं मात्र त्याला आत्ताच दिसत होतं.

"बोला मग," हिंदुराव आरशात बघत म्हणाला, "पुढल्या उन्हाळ्यात कुटं?"

सिद्धलिंगप्पा म्हणाला, बदामी. रामहरी म्हणाला, "बदामी एका दिवसात हुईत न्हाय." मग मागं न वळता तो म्हणाला, "चन्ना काय म्हणतोय बघा."

चन्नवीरनं मांडीवरचा डबा सावरला.

"विजापूर," चन्नवीर म्हणाला. आवाज अगदी रोजचा निघाला, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. "सकाळी लवकर निघालं तर दिवस मावळायच्या आत परत."

"चालंल की," रामहरी म्हणाला.

हिंदुराव म्हणाला, तिथं मी तुम्हाला फक्कड जेवायला घालतो. सिद्धलिंगप्पानं गोलघुमट कुणी आणि कधी बांधला ते सांगायला सुरुवात केली, रामहरीनं त्याची चूक काढली, हिंदुरावनं दोघांची थट्टा केली. चन्नवीरही मधे दोन शब्द बोलला. आणि सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसेपर्यंत कुणीही ते बोलणं थांबू दिलं नाही.